स्विंडनचं माहेर

माझ्या बायकोचं, बीट्रिसचं, माहेर वसईतून उठून इंग्लंडला गेलं होतं. स्विंडन नावाच्या, सदा ओलसर असणाऱ्या गावात. तिची आई पोर्तुगिजांच्या दमणमध्ये जन्मलेली, म्हणून मायलेकींना पोर्तुगीज पासपोर्ट मिळाले आणि तेवढ्या बळावर त्या तिथे स्थिरावल्या. लग्नानंतरची आमची पहिली वर्षं त्याच घरात गेली. रेडिएटरवर वाळणारे मोजे, चर्चमधल्या मिसाहून परतल्यावर ममाच्या स्वयंपाकघरात दाटणारा व्हिनेगर-लसणाचा वास, हिवाळ्यात दुपारीच खिडकीशी येऊन बसणारा अंधार. सिडनीतल्या टूनगॅबीच्या या निर्दय उजेडात मला तो अंधारसुद्धा आठवतो.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि त्या पासपोर्टचं बळ ओसरलं. तिथे राहण्याचा हक्क वेगळा मागावा लागला. बीट्रिसला तो मिळाला, कायमचा म्हणून. मात्र सलग पाच वर्षं देशाबाहेर राहिलं तर तो संपणार होता. पुढे आम्ही सिडनीला आलो. यंदाच्या जूनमध्ये पाच वर्षं भरत होती.

"सरकारी पाचपरतावण गं ही," शेजारची देवयानी हसली. "पाय लावून ये एकदा!"

बेत तसाच होता. पहिलं बाळंतपण माहेरी होईल, हक्कही टिकेल. पण सातव्या महिन्यात बीट्रिसचा रक्तदाब वाढला, आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला.

"मी जाणार, लिओ. काही होत नाही."

"आणि झालं तर?"

"तर ममाजवळ होईल."

तिने ममाला फोन लावला, स्पीकरवर.

"ममा, आता आले नाही तर मला तिथे पुन्हा राहता येणार नाही. फक्त पाहुणी म्हणून. तू आजारी पडलीस तर?"

"आजारी पडायला मला सवड कुठे आहे? मीच येते तिकडे. तुला पथ्याचं कोण करून घालणार? लिओ? त्याला मेथी आणि शेपू ओळखता येतात का?"

"येतात, ममा!" मी ओरडलो.

"थापा मारतोय," बीट्रिस हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. "पण माझं घर, ममा?"

पलीकडे शीळ घालणारी किटली ममाने उतरवल्याचा आवाज आला.

"घर आहेच गं. आता बेल वाजवून यायचं, एवढंच."

बीट्रिसने डोळे पुसले आणि डॉक्टरांची पुढची वेळ घेतली.