मी पिशवी, आणि ते गुलाबी दार

मी पिशवी बोलतेय. बाजाराची नव्हे, लघवीची. नाक मुरडू नका. तुमच्याही ओटीपोटात माझी एक बहीण बसलेली आहे आणि तुम्ही हे वाचत असताना तिचं थेंबथेंब भरणं चालूच आहे.

पुस्तकात मला मूत्राशय म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण त्या नावाने मला अजून कुणी हाक मारलेली नाही.

माझ्या मालकिणीचं नाव इशरत. मूळची सेनगावची, शिकली दिल्लीला, मावशीकडे राहून. मागच्या जूनमध्ये ती परत आली, ती गावाकडच्या शाळेत विज्ञान शिकवायचंच असं ठरवून. तिला वाटलं होतं, गावात विरोध होईल. लोक म्हणतील, पोरींना विज्ञान कशाला? मग ती ताठ उभी राहून भाषण करील. ते भाषण तिने रेल्वेतच तयार केलं. मी साक्षीदार आहे, कारण त्या नादात तिने मला इटारसीपासून भुसावळपर्यंत रोखून धरलं होतं.

प्रत्यक्षात विरोध कुणीच केला नाही. चहा मिळाला, खुर्ची मिळाली, मुलं धावत येऊन पाया पडली. शाळेत मुलींसाठी नवंकोरं शौचालयही होतं. गुलाबी दार, दारावर मुलींनीच रंगवलेलं कमळ, आणि कमळाच्या देठाशी एक दणकट कुलूप. शाळेचं नाव मी सांगणार नाही. एवढं तरी मला पोटात ठेवता येतं.

थोडं माझ्या घराण्याबद्दल सांगते. पाठीत, बरगड्यांच्या आडोशाला माझी दोन थोरली भावंडं राहतात, मूत्रपिंडं. मुठीएवढी, घेवड्याच्या बीसारखी. सगळं रक्त दिवसातून कितीतरी वेळा गाळून साफ करतात, कामाचं परत पाठवतात आणि नको ते दोन बारीक नळ्यांतून माझ्याकडे सोडतात. पुस्तकात त्यांना अख्खं पान आणि रंगीत चित्र. मला एक ओळ: ‘मूत्र साठवण्याची पिशवी.’ कुणी मूत्रपिंड दान केलं की पेपरात फोटो येतो. मला आजवर कुणी मागितलेलं नाही.

माझ्या तोंडाशी दोन पहारेकरी असतात. आतला आपल्या मर्जीचा आहे, बाहेरचा मालकिणीचं ऐकतो. लहानपणी तोही ऐकत नसे. सेनगावातल्या कितीतरी पाहुण्यांच्या मांड्या मी भिजवल्या आहेत. पुढे वळण लागलं. दिल्लीत तर मी लाडावलेच. तिथे दर मजल्यावर दार होतं, तेही उघडं.

आणि इथे किल्ली. मुख्याध्यापक शिवशंकर सरांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला, लाल दोरीत बांधलेली.

पहिल्याच दिवशी सरांनी कौतुकाने ते दार दाखवलं. “म्याडम, लई खस्ता खाऊन बांधून घेतलंय. उघडं ठेवलं की पोरं वाट लावतेत. साहेब आले, पाहुणे आले की उघडतो बराबर.”

“फारच स्वच्छ ठेवलंय, सर,” माझी मालकीण म्हणाली. दिल्लीची पदवीधर!

दुपारी मी भरले. इशरत ऑफिसात गेली. चार-पाच सर पेपर वाचत बसले होते. शिक्षकांमध्ये बाई ही एकटीच.

“सर, ती किल्ली...”

सगळे पेपर खाली आले.

“कोणती किल्ली, म्याडम?”

“प्रयोगशाळेची.”

प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. तिने ते उघडलं, आतली भिंगं पुसली आणि पुन्हा लावून टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात तिची ख्याती पसरली. “भिंगं कशी चकाचक ठेवून राहिल्या पाहा. अशी तळमळ पाहिजे,” सर इतरांना सांगत. मी आत फुटायच्या बेतात, आणि बाहेर तळमळीचं कौतुक.

मग तिने सोपा उपाय शोधला. पाणी पिणं सोडलं. सकाळी सेनगावात शाळेच्या गावची जीप धरल्यापासून संध्याकाळी घरी परतेपर्यंत एक घोट नाही. बाटली मात्र रोज भरून नेई, टेबलावर शोभेला ठेवी. भावंडं वरून ओरडायची, “गाळायला पाणीच नाही, काय पाठवायचं?” जे यायचं ते गडद, जळजळीत. मी गुमान घ्यायची. साठवणं एवढंच तर मला येतं.

अशात उत्सर्जन संस्थेचा धडा आला आणि मालकिणीच्या अंगात उत्साह संचारला. तिचे वडील अन्सारभाई यांचं सेनगावात नळ-पाइपांचं दुकान आहे. तिथून तिने नळ्या आणि तोट्या उचलल्या. अन्सारभाई कपाळाला हात लावून म्हणाले, “इत्ता दूर भेजके पढाया, आखिर पाइपलाइनच सिखाने लगी!”

वर्गात तिने चहाच्या दोन गाळण्या टांगल्या, ही मूत्रपिंडं. त्यांना नळ्या जोडल्या. आणि खाली, माझ्या जागी, एक पिवळा फुगा. वाढदिवसाचा. त्यावर ‘हॅपी’ लिहिलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं चित्र लोकांसमोर आलं, ते असं.

पण शिकवलं छान. “मुलींमध्ये बाहेर जाणारी नळी आखूड असते. म्हणून जंतू लवकर वर चढतात. पिशवीत, आणि तिथून मूत्रपिंडापर्यंत. म्हणून भरपूर पाणी प्यायचं. लघवी कधी, कधीसुद्धा रोखायची नाही!”

पोरं खिदळली. पोरी बाकाकडे पाहू लागल्या. पहिल्या बाकावरची राणी तेवढी सरळ पाहत होती. आठवीतली सगळ्यांत हुशार मुलगी.

“म्याडम, मंग तुमी काहून पेत न्हाई? तुमची बाटली सांजच्यालाबी भरेलच राहती.”



“मला... तहान कमी लागते,” माझी मालकीण म्हणाली. त्या क्षणी मी त्या फुग्यापेक्षा जास्त भरलेली होते.

पुढच्या आठवड्यात राणी शाळेत आली नाही. दुसऱ्या मुलींना विचारलं तर एक म्हणाली, “तिला ताप हाय.” शाळा सुटल्यावर इशरत तिच्या घरी गेली. राणी बाजेवर पडली होती, चेहरा उतरलेला. तिची आई जिवनबाई सोयाबीन निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

“इथं जवळ गोरेगावात दवाखान्यात नेलतं. लघवीला आग व्हायची, ते पोरगी सांगीतच नव्हती. मंग पाठ धरली, थंडी वाजून ताप. वर मूत्रपिंडापोत गेलंय म्हणले. गोळ्या चालू हायेत.”

“बरी होईल. वेळेवर नेलंत. गोळ्या पूर्ण द्या, मधेच थांबवू नका.”

“देते. पण आता शाळा बंद, म्याडम.”

“असं नका करू. ती फार हुशार आहे.”

“हुशार हाय तर काय करू? दिवसभर दाबून बसती लेकरू. वावरात आली तर तुरीचा आडोसा तरी असतोय. तुमच्या शाळेत काय हाय?”

“शौचालय आहे ना,” इशरत म्हणाली आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

बाजेवरून राणी क्षीण हसली. “त्याच्या दारावरचं कमळ मीच काढलंय, म्याडम. आत कसं हाय ते पाह्यलं न्हाई.”

तिथे भाषणाची जागा होती. रेल्वेत पाठ केलेलं ते भाषण, पोरींचं शिक्षण, सगळं. माझ्या मालकिणीला त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते ऐकायचं नव्हतं. मला जळजळ होत होती. राणीच्या पिशवीत जे सुरू झालं असेल ते माझ्यातही सुरू झालं होतं. आम्ही दोघी एकाच शाळेच्या.

परतीची जीप भरल्याशिवाय निघत नव्हती. मी तर केव्हाच भरले होते. ड्रायव्हर ओरडत होता, “आनखी दोन शीट, आनखी दोन शीट!” इशरत खिडकीशी दात आवळून बसली होती.  

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरीच दोन पेले पाणी प्यायली. जीपमध्ये तिने बाटली उघडली आणि संपवली. मला काही कळेना. भावंडं तर खुळावल्यासारखी पाठवायला लागली. शाळेत पोचेपर्यंत मी तट्ट झाले.

ती सरळ ऑफिसात शिरली. पेपर, चहा, सगळे सर.

“सर, किल्ली द्या.”

“घ्या ना, म्याडम. कपाटाची न?”

“नाही. मला लघवीला जायचंय.”

पेपर खाली आले. या वेळी तिने मान खाली घातली नाही. सरांनी मागे न पाहताच खिळा चाचपला आणि लाल दोरी पुढे केली.

गुलाबी दार उघडलं. आत टाइल्सवर धूळ होती, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. पण दार होतं, आतून कडी होती, आणि मी रिकामी झाले. एवढं हलकं मला दिल्लीतही वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तिने कुलूप परत लावलं नाही. ते प्रयोगशाळेच्या कपाटात भिंगांशेजारी ठेवलं आणि कपाट बंद केलं.

“म्याडम, साहेब आले म्हंजी?” शिवशंकर सर काकुळतीला आले.

“त्यांनाही लागते, सर.”

“आन धुणार कोन?”

“पोरी नाही धुणार. आपण धुवायचं, आळीपाळीने. पहिला आठवडा माझा.”

एक सर खोकले. पेपर पुन्हा वर गेले. कुणी हो म्हणालं नाही, पण कुलूपही कुणी मागितलं नाही.

अन्सारभाईंची पोरगी आता हातात झाडू घेऊन जाळं काढते आहे. बाटली हापशावर पुन्हा भरून आणली आहे. धडा तिला परत शिकवायचा आहे, या वेळी पाणी पीत पीत. आणि मधल्या सुट्टीत ती जिवनबाईंकडे जाणार आहे. भाषण करायला नाही. कमळाचं दार उघडं आहे आणि राणीने ते आतून पाहून घ्यावं, एवढंच सांगायला.

माझं म्हणाल, तर जळजळ आता उतरणीला आहे, बाकी माझी काही तक्रार नाही. फक्त पुढच्या वेळी फुगा घ्यायचाच असेल, तर त्यावर काही लिहिलेलं नसावं. आणि तुम्ही हे वाचता वाचता जागेवर चुळबुळ करत असाल, तर उठा. माझी बहीण हाक मारते आहे.