बाबांच्या नावाचा जीव

सागरसंशोधन संस्थेत समुद्रतळाचा चिखल चाळणीवर धुता धुता बाबांची तीस वर्षं गेली. त्याच संस्थेत त्यांची मुलगी पुढे शास्त्रज्ञ झाली. पण चाळणीत अडकलेला मोहरीहून बारीक जीव बघून "हा नेहमीतला नाही गं" म्हणाले ते बाबाच. जीव कोळंबीच्या दूरच्या भावकीतला निघाला, आणि कुठल्याच पुस्तकात नव्हता.

सापडल्या त्या सगळ्या माद्या. तेवढ्यावरही वर्णन छापता आलं असतं. सहकारी सांगून थकले. पण हिचा हट्ट, जातीची खरी ओळख पटते ती नराच्या पाचव्या पायावरून; तो रेखाटल्याशिवाय कागद हलणार नाही. नर मिळायला दोन वर्षं लागली. तोवर बाबांनी अंथरूण धरलं होतं.

"नाव काय ठेवलंस?" ते रोज विचारायचे.

"छापून आलं की सांगते."

छापण्याआधी नाव बाहेर फोडायचं नाही, हा तिच्या कामातला शिरस्ता. कुणी आधी उचललं तर? आता अंथरुणाला खिळलेला म्हातारा ते कुठे विकायला नेणार होता! पण हिचा नियम म्हणजे नियम. शिवाय छापील पानावर स्वतःचं नाव वाचताना बाबांचा चेहरा कसा होतो, ते तिला बघायचं होतं.

"तुझ्या साहेबाचंच ठेवलं असशील," बाबा म्हणायचे. "वशिला काय, किड्यालासुद्धा लागतो."

ती हसून विषय बदलायची.

एका मंगळवारी सकाळी बाबा गेले. अंक आला त्यानंतर नऊ दिवसांनी.

तिने पान आईसमोर धरलं. आईने चष्मा पुसला आणि लॅटिनची शेपटी लावलेलं नवऱ्याचं नाव अक्षर अक्षर लावत वाचलं.

"यांना माहीत होतं ना?"

एका पायावर केस चार की पाच, यासाठी आठवडा घालवणारी ही बाई. न मोजता तिने आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती. एक शब्द बाबांच्या कानात सांगायला काय लागलं असतं? तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"हो. सांगितलं होतं मी."

"मग? काय म्हणाले?"

"हसले."

आई बराच वेळ त्या नावावरून हात फिरवत राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

"मला एका शब्दाने बोलले नाहीत गं," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत माझ्यापासून काही लपवलं नव्हतं त्यांनी."