खाली राहिलेली वार

“वार वर सरकवणारं काहीतरी द्या. काढा द्या, चूर्ण द्या,” सासूबाई वैद्यबाईंच्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या सुनेनं डोळे मिटून घेतले. पोट तिचं होतं, पण तिला कुणी काही विचारतच नव्हतं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत गर्भाला पोसणारी वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असल्याचं निघालं आणि त्या दिवसापासून घरात ती माणूस राहिलीच नव्हती. नुसतं पोट झाली होती. याआधी दोनदा दिवस गेले होते, टिकले नव्हते. धसका तिनंही घेतलाच होता.

“आजी, वार ओढून वर नेणारं औषध नाही,” वैद्यबाई म्हणाल्या. “गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची आपसूक वर जाते. नाही गेली तर सिझेरियन. हिला ताजं, पचेल असं जेवण द्या, दूध द्या, झोपू द्या. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. पोट चोळायचं नाही. आणि रक्त दिसलं तर माझ्याकडे यायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.”

“मग वैद्य कशाला म्हणायचं!” सासूबाई जिन्यातच करवादल्या.

सुनेनं आपलं केस कापायचं दुकान बंद केलं. दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं; कुलूप लावताना जीव तुटला. घरी पडून राहावं, तर उशाशी रोज नवा सल्ला. एके दुपारी नणंद मालिशवालीला घेऊन आली.

“हलक्या हातानं वर सारते हो ती. शेजारणीचं झालं की!”

“माझ्या पोटाला हात लावायचा नाही!” ती एवढ्या जोरात ओरडली, की मालिशवाली चपला घालून आल्या पावली परत गेली.

संध्याकाळी नवरा म्हणाला, “अगं, आईचं मन राखायला काय जातं?”

“माझं मूल जाईल!”

त्यानं मान डोलावली. पण पटलं म्हणून नव्हे.

आठव्या महिन्यातही वार जागची हलली नव्हती.

“आधी उभं राहून केस कापत बसलीस, मग कशी जाणार वर?” सासूबाई म्हणाल्या. तिनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

नंतर एका सकाळी रक्त दिसलं. नवरा भांबावला. “आईला उठवू? विचारू तिला?”

तिनं त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. स्वतःच रुग्णवाहिकेला फोन लावला, पत्ता सांगितला आणि गाडी येईपर्यंत कुशीवर पडून राहिली.

सिझेरियन झालं. मुलगी किरकोळ, पण खणखणीत रडली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, “वार तिथंच रुजली होती, यात कुणाची चूक नाही. वेळेवर आली म्हणून दोघी वाचल्या.”

“वाचल्या बाई! हिनं आमचं ऐकलं असतं, तर एवढं झालंच नसतं,” सासूबाई नणंदेला म्हणाल्या, आणि सगळे काचेपलीकडच्या बाळाकडे धावले.

दुसऱ्या दिवशीही सगळे तिकडेच होते. नर्सनं तिला उठून चालायला सांगितलं होतं. हात द्यायला कुणी येईल म्हणून तिनं थोडी वाट पाहिली. मग टाक्यांवर तळवा दाबून ती पलंगावरून उतरली, भिंतीला धरत बेसिनपर्यंत गेली, नळ सोडला आणि सावकाश, नीट, कानांमागूनसुद्धा, आपलं तोंड धुतलं.