भाच्याच्या चाकांचं माप

"दादा, खरं सांग, तो भरधाव चालवत होता का रे?"

बहीण दुकानाच्या दारातच उभी होती. टायरवाल्यानं आत बोलावलं, तर आलीच नाही. तिचा मुलगा जाऊन आज अठरा दिवस झाले होते आणि अठरा दिवस घरात एकच टकळी चालू होती, पोरगा मस्तीत गेला.

"फोटोसमोर उभं राहून शिव्या घालतात रे हे त्याला," ती म्हणाली. "गेलेल्या पोराला! माझ्यानं नाही ऐकवत."

टायरवाल्यानं हातातला पाना खाली ठेवला. गप्प राहिलं तर बहीण आपली राहणार होती. तिच्याशिवाय त्याला होतं तरी कोण? पण कालच भंगारवाल्याकडे जाऊन तो अपघातातल्या गाडीचं मागचं चाक बघून आला होता.

भाच्यानं जुनी स्पोर्ट्स कार घेतली ती मामाच्याच भरवशावर. कंपनीची चाकं सोळा इंची, टायर दोनशे पाच मिलिमीटर रुंदीचे. पठ्ठ्याला हवी होती अठरा इंची चाकं आणि दोनशे पंचेचाळीसचे टायर. "मामा, गाडी कशी वाघासारखी दिसली पाहिजे!" मामानं आधी झापलं, "वाघ मडगार्डला घासला म्हणजे?" पण लाडका भाचा पडला, विरघळलाच शेवटी. मोठं चाक लावलं की मागं दोन माणसं बसवायची आणि गाडी दबल्यावर टायर नि मडगार्डमध्ये दोन बोटं जातात का बघायचं, ही त्याची तीस वर्षांची रीत. परक्या गिऱ्हाइकाला त्यानं त्याशिवाय कधी सोडलं नव्हतं. त्या दिवशी कामगार जेवायला गेलेले, भाच्याची घाई. मामानं रिकाम्या गाडीलाच बोटं घातली आणि म्हणाला, "जा, झकास बसलंय!" घरच्याच पोराला असं सोडलं, काय म्हणावं या अकलेला!

"वेगाचा काही संबंध नाही," तो एकदम बोलून गेला. "माझं माप चुकलं. त्यानं मागं मित्राचं सामान कोंबलं होतं. गाडी दबली, टायर मडगार्डला घासून घासून कापला गेला. सावकाश चालवूनही फुटलाच असता. पोराची चूक नाही गं. माझी आहे."

बहीण तिथंच उंबऱ्यावर बसली. "म्हणजे माझं लेकरू नीट चालवत होतं," म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडली. तो पुढे झाला, तर तिनं हातानंच थांबवलं. बऱ्याच वेळानं उठली.

"हे सगळं ह्यांच्यासमोर सांगशील?"

"सांगेन."

"मग संध्याकाळी ये." तिनं डोळे पुसले. "आणि त्यानंतर आमच्या दारात येऊ नकोस, दादा."

त्यानं मान हलवली. ती रस्ता ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत तो बाहेर उभा राहिला. मग त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, खुंटीवरचा धुतलेला सदरा घातला आणि संध्याकाळ व्हायची वाट बघत बसला.