पदुआतली केळ

लूर्डस संत अंतोनीकडे एकच मागणं घेऊन आली होती. तिच्या नवऱ्याने, फेबियनने, रोवेनाशी बोलावं. मुलीने दोन वर्षांपूर्वी बोळिंजच्या निमिषशी लग्न केलं, तेही चर्चमध्ये नाही तर रजिस्टर पद्धतीने, आणि तेव्हापासून या गृहस्थाने तोंडाला कुलूप लावलं होतं. हरवलेलं शोधून देणारा संत, तो बापाची मायाही शोधून देईल, असं लूर्डसचं साधं गणित. भुईगावातून इटलीची यात्रा निघतेय आणि तीत संताची कबर असलेल्या पदुआचा एक दिवस आहे म्हटल्यावर तिने दोघांची नावं लगेच दिली.

सकाळी संताच्या चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाली. संताच्या कबरीच्या दगडाला हात लावून लोक मनातलं मागत होते. लूर्डसने मागितलं, थोडं रडूनही घेतलं. फेबियनने दोन बोटं टेकवली न टेकवली आणि बाहेर येऊन जेवणाचं विचारलं. लूर्डसला असा राग आला, की कमानींच्या त्या देखण्या रस्त्यांवरून फिरताना ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही.

दुपारी सगळे शेकडो वर्षं जुन्या वनस्पतिबागेत शिरले. बाग म्हटल्यावर फेबियनच्या पायांत जीव आला. काचेच्या घरात एक केळ उभी होती, सुकी पानं लोंबताहेत, बुंध्याशी पिल्लांची, म्हणजे नव्या कोंबांची, गर्दी. जन्मभर केळी लावणाऱ्याला ते बघवेना. यात्रेकरू पुढे गेले आणि हा दोरी ओलांडून आत. लूर्डस ‘अहो’ म्हणेपर्यंत सुकी पानं खाली पडली होती आणि एक पिल्लू मुळासकट त्याच्या हातात होतं.

पहारेकरीण धावत आली. ती आधी इटालियनमध्ये, मग इंग्लिशमध्ये तडतडली. पिल्लं ठेवली तर घड पोसत नाही, हे फेबियन तिला शांतपणे मराठीत समजावत राहिला. बाई आता वरिष्ठांना बोलावणार, एवढं लूर्डसला कळलं.

“रोवेनाला फोन लाव,” फेबियन म्हणाला. “तिचं इंग्लिश चांगलं आहे. आणि लहानपणी माझ्याबरोबर पिल्लं तीच काढायची.”

लूर्डसने लावला. रोवेना त्या बाईशी बराच वेळ बोलली. बाईचा चेहरा हळूहळू निवळला, शेवटी ती चक्क हसली आणि फोन तिने लूर्डसला नाही, फेबियनला दिला.

आता बोलणं भाग होतं. त्याने घसा खाकरला, केळीकडे पाहिलं.

“वाडीत पिल्लं काढायची राहिलीत. माणसं मिळत नाहीत. निमिषला शनिवारी सुट्टी असते का?”



“असते, पप्पा,” रोवेना म्हणाली. “पण त्याला कोयताही धरता येत नाही.”

“तुला तरी कुठे येत होता,” फेबियन म्हणाला.