फादरांच्या आधीचं पाणी

"तुझे पाय काय सोन्याचे आहेत रे मेल्या?" फिलूने चुलीत लाकूड असं सारलं की ठिणग्या बाहेर उडाल्या. "खुर्चीत बसायचं, पाय पुढे करायचा, झालं!"

"दुसरा कोण नाय का?" इनास दारातच उभा होता.

"नाय. त्या दहावीतल्या पोराचे गाल सुजलेत. फादरांना बारा माणसं लागतात. अकरांचे पाय धुवून थांबतील काय?"

"म्हणजे शेवटची खुर्ची माझी. येशूला विकणाऱ्या जुदासची."

"अगो बाय! पोरं हसतील म्हणून भ्यालाय होय हा!"

इनास हसला नाही. तो शाळेचा सुतार. बाकं, फळे, खिडक्यांची दारं, सगळं त्याच्या हातचं. फिलू बोर्डिंगच्या पोरांचं जेवण करायची. दोघांचं लग्न ठरलेलं. उपासाच्या दिवसांत लागत नाही म्हणून ईस्टरपर्यंत थांबलेलं. लग्नाआधी चर्चमध्ये दोघांची नावं तीनदा पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून; त्यातला शेवटचा पुकार तेवढा राहिला होता.

आज पवित्र गुरुवार. येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले, तसे आज संध्याकाळी फादर बारा जणांचे धुणार. चर्चमधले सगळे पुतळे जांभळ्या कापडाखाली झाकलेले. खाडीकडून वारा आला की कापड आत ओढलं जायचं आणि नाक, कपाळ उमटायचं. लहान पोरं तिथून पळतच जायची. संध्याकाळच्या प्रार्थनेत घंटा एकदा वाजली की शनिवारपर्यंत गप्प. फिलूला हे दिवस कधीच आवडले नाहीत.

"चल, मागे चल," ती म्हणाली. "पाय घासून देते. असले पाय फादरांच्या पुढ्यात नेलेस तर माझी लाज जाईल."

दरवर्षीचंच हे. फादर पाय धुणार म्हणून सगळे आधी घरूनच पाय धुवून यायचे. बाकीचे अकरा जण तर मघाशी इथेच, स्वयंपाकघरामागच्या दगडावर, चकाचक होऊन गेले होते.

"माझे मी धुतो."

"बूट काढ."

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपास लागल्यापासून, हा माणूस कॅनव्हासचे बूट घालून फिरत होता. एवढ्या उकाड्यात. विचारलं तर म्हणायचा, खिळे असतात गो खाली. तो दगडावर बसला, उजवा बूट काढला. टाचेच्या भेगांत लाकडाचा भुसा भरलेला. घोट्याखाली एक फिकट चट्टा.

"हा कसला डाग?"

"पॉलिशचा."

फिलूने घमेलं पुढे सरकवलं आणि त्याचा पाय धरून आत ठेवला. राग अजून उतरला नव्हता. चुलीवरची किटली आणून तिने पाणी ओतलं, ओततच राहिली, आणि मग गार पाण्याची बादली ओढली. बादली हलकी लागली. रिकामी होती. अकरा जणांनी संपवलेली.

घमेल्यातून वाफा येत होत्या.

"ती शेवटची खुर्ची हलते," इनास सांगत होता. "मागच्या पायाला पाचर मारायला हवी. फादर पुढे वाकले आणि मी उलटा पडलो तर ईस्टरपर्यंत पोरांना दुसरा विषय नको."

फिलूने पाण्यात बोट बुडवलं आणि झटकन तोंडात घातलं.

"इनास."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग वाफेकडे. मग पाय एकदम बाहेर ओढून म्हणाला,

"आई गं!"

पण फार उशिरा. पाय घोट्यापर्यंत लाल झाला होता.

फिलूची नजर शाळेच्या व्हरांड्याकडे गेली. तिथे सरकारी दवाखान्याचा तक्ता होता, कुष्ठरोगाचा. 'चट्टा. दुखत नाही, खाजत नाही, तिथे स्पर्श कळत नाही. वेळेवर औषध घ्या, बरा होतो.' पोरं जाता येता ते पाढ्यासारखं म्हणायची. तो तक्ता इनासनेच ठोकला होता. आणि दवाखान्याची माणसं सगळ्यांना तपासायला आली, त्या दिवशी तो फळ्या आणायला म्हणून वखारीत गेला होता. तिनेच त्याला डबा बांधून दिला होता.

"बरा होतो," ती म्हणाली. "लिहिलंय तिथे."

"पुकार व्हायचाय अजून," इनास म्हणाला. "तुझ्या माय-बापाला काय सांगशील?"

"ते मी बघीन. दवाखान्यात जाऊ. आत्ता. मी पण येते."

व्हरांड्यातून एक पोरगा ओरडला, "इनासदादा, फादर बोलावतायत! तुमची खुर्ची मांडली!"

इनासने ओला पाय तसाच बुटात घातला. फाटकाबाहेर रस्ता दोन बाजूंना जात होता, एकीकडे दवाखाना, दुसरीकडे एसटी स्टँड. त्याने नाडी ओढली. भाजलेल्या पायाने कधी सोसली नसती, इतकी घट्ट.

"इनास, कुठे जाणार ते सांग."

तो उठला. त्याने मारलेली गाठ पुन्हा एकदा बघून घेतली.

"मला आता निघायला हवं," तो म्हणाला.