टोपीचं वजन

माझा दादा बस चालवायचा आणि टोप्या विणायचा. पुढच्या फेरीची वाट बघत बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटायचे, हा सुया घेऊन बसायचा. त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल व्हायची, पण गड्याने विणणं काही सोडलं नाही. दादा गेला त्याला आता बराच काळ झाला. तरी लोकरीचं दुकान दिसलं की माझे पाय रेंगाळतात.

माझी लेक दिवस भरायच्या फार आधी जन्मली. हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ती एवढीशी दिसायची, की दादाने तिचं नाव ठिपकी ठेवलं आणि तेच चिकटलं. अशा बाळांच्या डोळ्यांचं काही खरं नसतं, हे मला तिथेच कळलं. डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर नजर जाते. वेळेत सापडलं तर लेसरने वाचू शकते. तपासणी इवल्या जिवाला सोसत नाही, म्हणून तिथे कॉम्प्युटरवर आधी धोक्याचा अंदाज काढत. दर आठवड्याचं वजन त्यात भरायचं. वजन नीट वाढलं तर धोका कमी, अडलं तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना लगेच बोलवायचं.

ठिपकीचं वजन छान वाढत होतं. पडद्यावर हिरवी पट्टी आली की माझा जीव भांड्यात पडायचा. "तपासणी जरा पुढे ढकलू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दादाची कॉलर ताठ. "मामावर गेलीय. खाल्लेलं अंगी लागतं."

काट्यावर ठेवायला उघडं केलं की ठिपकी गार पडायची. म्हणून सिस्टरनी एकदा टोपी तशीच राहू दिली, मग ते अंगवळणीच पडलं. दादाला तर चेवच चढला. दर आठवड्याला आधीपेक्षा जाड टोपी. तिला कानपट्ट्या आल्या, गोंडा आला, पाठोपाठ मोजे आले. वॉर्डभर कौतुक, आणि मीही मिरवून घेतलं.

एका सकाळी ठिपकीने दूध ओकलं, टोपी-मोजे धुवायला गेले आणि वजन त्यांच्याविना झालं. आकडा मागच्या आठवड्याच्याही खाली. सिस्टरनी काटा तपासला, तिला पुन्हा ठेवून पाहिलं. मग धुऊन वाळलेल्या जुन्या टोप्या काढल्या आणि एकेक करून नुसत्याच काट्यावर ठेवल्या. आकडे बघून त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. इतके दिवस आम्ही लोकरीचं बाळसं मोजत होतो.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. टोप्या वजा करून वजनं पुन्हा भरली, तर पट्टी लालभडक. तपासणी लगेच झाली.

"उशीर झालाय का?" मी विचारलं.

"उद्या सकाळी लेसर करू. नजर किती वाचली, ते काही आठवड्यांनी तीच सांगेल."

दादाला कुणी एका शब्दाने बोललं नाही. तेच त्याला जास्त लागलं. जिन्यात बसून म्हणाला, "मीच आंधळं केलं गं पोरीला."

"अजून झाली नाहीये. ऊठ आधी," मी खेकसले. मला त्याचा रागही आला होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

लेसर झालं. दादा रोज यायचा, पण दारातच उभा. मी मात्र ठिपकीला मांडीवर घेऊन तिच्यापुढे तोंड नाचवायचे. ती माझ्या पलीकडे कुठेतरी बघत राहायची. आठवडे गेले. मी मनातून खचले होते.

एका दुपारी ती माझ्या मांडीवर झोपलीय असं समजून दादा बाटली उचलायला वाकला. तिने डोळे उघडले. दादा तिथेच थिजला. मग त्याने मान हळूच डावीकडे नेली. तिचे डोळे डावीकडे गेले. त्याने उजवीकडे नेली. ते उजवीकडे आले, अगदी सावकाश, पण आले.

"अगं," तो कुजबुजला, "ही मला बघतेय."

"मग थांबू नकोस," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं.

आजही दादा आठवला की मला तो विणताना दिसत नाही. तो माझ्या मांडीवर वाकून, डोळे पुसायचं विसरून, मान इकडून तिकडे हलवत असतो.